पाच ग्रॅम

साताऱ्याहून निघालेली एस.टी. मेढ्याला येईतो रिकामी झाली.
शेवटची मी उतरले,
हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीत झोपवलेली
सरकारी पितळी वजनं.
गावोगावचे तराजू तपासायचे, शिक्का मारायचा,
पुढची गाडी धरायची.
म्हटलं, दीड दिवसात उरकेल.

लॉज कसलं, पिठाच्या गिरणीवरची एक खोली.
रात्री आठला गिरणी थांबली
तेव्हा कळलं, इतका वेळ कानात आवाज होता.
मग काहीच नाही.
मग वेण्णा,
खालून, दगडांशी काहीतरी पुटपुटत,
आई शेवटी-शेवटी भांडी घासताना बोलायची तशी,
कुणाशीच नाही.
मी उशी खिडकीच्या बाजूला घेतली.

पंचवीस वर्षं नोकरी झाली.
कुठल्याच गावात उशी फिरवली नव्हती.

सकाळी धुकं स्टँडवर येऊन उभं होतं,
महाबळेश्वरची गाडी चुकल्यासारखं.
पलीकडे भात काढून मोकळी झालेली खाचरं, पेंढ्याच्या गंजी,
आणि शेकोटीशी एक म्हातारी.
नाव न विचारता ती सरकली, जागा केली.
"कुणाकडं आलाय?"
काय सांगू? "तराजूंकडे."
ती हसली नाही. "बरं" म्हणाली,
जसे काही तराजूही इथे पाव्हण्यांना उतरवून घेतात.

निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत, माथाडी,
दुपारी रस्त्यावर चार माणसं म्हणजे गर्दी.
डोंगर मात्र कुठेही गेलेले नाहीत.
चहूकडून येऊन बसलेत,
लग्न उरकल्यावरही
मांडवात रेंगाळणाऱ्या मामांसारखे.

हैबती ओंबळ्यांच्या दुकानात
घेवडा, खडेमीठ, काडेपेट्या, मधाच्या बाटल्या,
आणि छताला टांगलेला दांडीचा तराजू.
दोन्ही पारड्यांत माझं किलो-किलो ठेवलं.
काटा मध्ये येईना.
मालाच्या पारड्यात एक ग्रॅम टाकला, मग दोन,
पाचाला आला.

"आजोबा, खोट आहे."
त्यांचा चेहरा उतरला.
"तुमचीच," मी म्हणाले,
"किलोमागे पाच ग्रॅम गिऱ्हाइकाला जादा जातंय."
"कधीपासनं?"
"ते तराजू सांगत नाही."

त्यांनी बोटांवर हिशोब मांडला, मध्येच सोडला.
घेवडा न्यायला आलेली एक बाई
पिशवी तशीच धरून दारात.
"आता नीट करावाच लागंल?"
"नियम आहे."
"हां. मग हिचं तेवढं करून देतो,
मग मारा शिक्का."

मी बाहेर येऊन वैराटगडाकडे बघत राहिले.
बघत नव्हते खरं तर,
पाठ फिरवायला काहीतरी कारण हवं होतं.

साडेचारची गाडी समोर थांबली.
कंडक्टरनं वाकून विचारलंसुद्धा.
मी मान हलवली.
तिचा अर्थ त्याला लगेच कळला,
मला गाडी वळणाआड गेल्यावर.

ह्या वयात एखादं गाव आवडणं म्हणजे काय?
जागा घ्यावी, घर बांधावं, असलं काही वाटलं नाही.
एवढंच झालं,
मी तिथे नसताना तिथे काय चाललं असेल
ह्याचा घोर लागला.
गिरणी आठला थांबली असेल ना.
शेकोटीशी आज कुणासाठी सरकली असेल म्हातारी.
साताऱ्याच्या कचेरीत, भर दुपारी, पंख्याखाली,
मध्येच.

अहवालात लिहिलं,
तराजू एक, दोष दूर केला, शिक्का मारला.
निघताना ओंबळ्यांनी पेटीवर ठेवलेल्या बाटलीचं
काही लिहिलं नाही.
पैसे दिले तर घेतले त्यांनी, मोजून, सुटे परत करून.

ती माझ्या टेबलावर आहे.
मध तळाशी घट्ट होत चाललाय.
बाटलीवर लेबल नाही, वजन नाही, तारीख नाही.
माझ्या खात्याच्या नियमानं
हा गुन्हा होतो.